दुःखाची पाठ नाहीत

दोन वर्षे होत आली, तरी त्या गुरुवारच्या संध्याकाळची आठवण झाली की मला सर्वांत आधी माझाच आवाज ऐकू येतो, आणि तो मला आवडत नाही. दादाच्या घरी, पुढच्या खोलीत, सतरंजीवर प्रार्थनेला आलेली वीस-बावीस माणसे दाटीने बसली होती. ऑगस्ट असूनही पाऊस नव्हता. सोलापुरात पावसाळ्यात अनेकदा असतो तसा कोंदट उकाडा होता आणि पंखा फिरत होता तो केवळ आवाजापुरता. पेटीचा भाता उघडला गेला, कोणीतरी खंजिरी हातात घेतली, आणि पाळकसाहेब बाहेरगावी असल्यामुळे सभा चालवण्याची जबाबदारी आपोआप अक्कांवर आली. अक्का म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लहानथोर सर्वांच्याच अक्का. सत्तरी ओलांडलेल्या, मायबोली तेलुगू, लग्न होऊन मराठी मंडळीत आलेल्या आणि जन्मभर विड्या वळलेल्या. त्यांनी पदर सारखा केला, वाचता येत नसतानाही समोरचे गीतांचे पुस्तक एकदा तळहाताने सपाट केले आणि म्हणाल्या, "चला, आनंदाचं एक घेऊ." मी भिंतीला टेकून बसले होते. कोणी काही बोलायच्या आत मी म्हणाले, "आज नको, अक्का. आज दुःखाचं घ्या."

खोली गप्प झाली. वहिनी आतल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. अक्कांनी माझ्याकडे पाहिले. मागितलेला माल संपला आहे हे दुकानदाराने सांगावे तितक्या सरळपणे त्या म्हणाल्या, "दुःखाची मला पाठ नाहीत गं, बाई." आणि टाळी वाजवून त्यांनी पहिली ओळ उचलली.

त्याच दिवशी सकाळी दादाचे चार माग भंगारात गेले होते. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. गिरणी बंद पडल्यावर कित्येक वर्षांनी, तुकड्यातुकड्यांनी जी देणी हातात आली त्यांतून दादाने दोन जुने माग घेतले होते आणि पुढे कर्ज काढून आणखी दोन. दोन टॉवेलचे, दोन चादरीचे. व्यापारी सूत देई, दादा विणून देई, मजुरी मिळे. सुताचे भाव, विजेचे बिल, २०२० सालची टाळेबंदी आणि त्यानंतर कधीच पूर्वपदावर न आलेली मागणी, ही कहाणी सोलापुरात दर तिसऱ्या गल्लीत ऐकायला मिळते, तेव्हा ती इथे पुन्हा सांगत नाही. सांगायचे आहे ते एवढेच, की भंगारवाल्याने गॅस कटरने मागाचे तुकडे केले आणि किलोवर तोलून नेले. चादरीवरच्या मोराचे डिझाईन ज्यांत होते त्या जकार्डच्या पुठ्ठ्यांच्या माळा मात्र त्याने कोपऱ्यात फेकून दिल्या, कारण त्यांत लोखंड नव्हते. प्रत्येक पुठ्ठ्याला भोके. कुठे भोक आहे आणि कुठे नाही, यावरून ताण्याचा कोणता उभा धागा उचलायचा ते मागाला कळत असे. दादाने त्या माळा घडी घालून उचलल्या, बराच वेळ हातात धरल्या आणि पुन्हा तिथेच ठेवल्या.

प्रार्थनेची पाळी तीन महिन्यांपूर्वीच लागलेली होती. पुढे ढकलू या, असे मी सकाळी सुचवले होते. वहिनी म्हणाली, "लोकांना या म्हटलंय, आता नका येऊ कसं म्हणायचं?" माझ्याशी ती त्या दिवसांत एवढेच बोलत असे. एक वर्षापूर्वी कर्जाचे हप्ते थकले तेव्हा मी साठ हजार रुपये दिले होते आणि पैसे देताना, माग वेळीच विकून टाका, असे दोनदा सांगितले होते. पैसे देणाऱ्याने सल्ला देऊ नये ही साधी गोष्ट शाळेत चौतीस वर्षे मुलांना शहाणपण शिकवूनही मला कळली नव्हती. त्यामुळे त्या संध्याकाळी मी "दुःखाचं घ्या" म्हणाले, ते दादाच्या दुःखाला मान द्यावा म्हणून म्हणाले, असे मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले. पुढे केव्हातरी रात्री जाग आली असता मनाने खरे काय ते कबूल केले. मला वहिनीला रडताना पाहायचे होते. मी सांगितले होते तसेच झाले, याची पावती मला भर सभेत हवी होती.

आणि ती रडली नाही. तांब्या खाली ठेवून तिने टाळी धरली.

गाण्याच्या मध्येच छतावरून सुताचे तूस गळत होते. पलीकडच्या शेडमधून वर्षानुवर्षे उडालेले ते पांढरे तूस घराच्या वाशांना, वायरींना, येशूच्या चित्राच्या चौकटीला चिकटलेले असे. माग गेले तरी ते बरेच महिने पडत राहिले. त्यातला एक पुंजका अक्कांच्या केसांत जाऊन बसला आणि त्या डोलत असताना तोही डोलत होता. मी पूर्ण गाणेभर तेवढेच पाहत होते, कारण मला गाता येत नव्हते. दादा मात्र गात होता. बेसूर, मोठ्याने, डोळे उघडे ठेवून.

मला आनंदाचा राग यावा याला कारणही होते. माग विकायचे ठरले त्याच सुमारास बाहेरगावचे एक उपदेशक घरी आले होते आणि चहा पिता पिता दादाला म्हणाले होते की, विश्वास कुठेतरी उणा पडला असला पाहिजे, नाहीतर प्रभू असे होऊ देणार नाही. हसत राहा, स्तुती करत राहा, दार उघडेल. दादा काही बोलला नाही; त्याने त्यांना बिस्किटे पुढे केली. अशा सक्तीच्या हसण्याचा मला तिटकारा आहे आणि मी तो लपवत नाही. ज्या पवित्र शास्त्राचा दाखला देऊन हे हसायला सांगतात, त्यातल्या दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे ही सरळसरळ गाऱ्हाणी आहेत. देवा, कोठवर, देवा, तू मला का विसरलास, माझे अश्रूच रात्रंदिवस माझे अन्न झाले. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटच्या शब्दापर्यंत अंधारातच राहते. त्याला शेवटी आशेचा एखादा चरण जोडावा असे ते लिहिणाऱ्यालाही वाटले नाही आणि जतन करणाऱ्यांनाही नाही. तेव्हा, आनंदाचे गाणे नको असे म्हणताना मी काही अधर्म करत नव्हते. एवढे सगळे पाठबळ असूनही अक्कांचे ते एक वाक्य मात्र पायात मोडलेल्या काट्यासारखे राहिले. दुःखाची पाठ नाहीत म्हणजे काय? नवरा तरुणपणी गेला, एक मुलगा रेल्वेखाली गेला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. या बाईला दुःखाचे गाणे पाठ नाही?

त्या हिवाळ्यात मी बायबलमधले, फिलिप्पै गावच्या मंडळीला म्हणजे फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र पुन्हा वाचायला घेतले, थोडे भांडायच्या तयारीनेच. प्रेषित पौलाने ते बंदिवासातून लिहिले आहे, साखळदंडाचा उल्लेख त्याने स्वतःच केला आहे, आणि त्या लहानशा चार अध्यायांत आनंद हा शब्द नाम आणि क्रियापद मिळून सुमारे सोळा वेळा येतो, हे लहानपणापासून प्रवचनांत ऐकत आले होते. पण शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईचे लक्ष दुसरीकडेच जाते. आपल्या भाषेत आनंद होतो, दुःख होते, राग येतो, रडू येते. या गोष्टी आपल्याला होतात, आपण त्या करत नाही. म्हणून तर आपण "मला आनंद झाला" असे म्हणतो, "मी आनंद झालो" असे म्हणत नाही. आणि इथे मात्र लिहिले आहे, "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा." करा. स्वयंपाक करा, झाडलोट करा, बेरीज करा, तसे. पहिल्यांदा सांगितलेले वर्गाने ऐकले नसावे, म्हणून बाईंनी पुन्हा सांगावे तसे "पुन्हा म्हणेन". हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले असेल, पण त्यातले क्रियापद मला साठी जवळ आल्यावर दिसले.

दुसरी गोष्ट त्याहून अडचणीची होती. हे वाक्य चौथ्या अध्यायात चौथ्या वचनात येते, आणि त्याच्या दोनच वचने आधी पौल दोन बायकांना नावे घेऊन विनवतो आहे. युवदीयेला विनंती करतो, सुंतुखेला विनंती करतो, एकचित्त व्हा. कशावरून भांडल्या होत्या ते त्याने लिहिलेले नाही. पैशावरून असेल, सल्ल्यावरून असेल. हे पत्र सर्व मंडळीसमोर मोठ्याने वाचले गेले असणार, त्या दोघीही तिथे बसलेल्या असणार, आणि त्यांची नावे ऐकून सगळ्यांनी माना वळवल्या असणार. आणि त्या अवघडलेल्या शांततेत पुढचे वाक्य आले असणार, आनंद करा. दादाची पुढची खोली, दारातला तांब्या आणि भिंतीला टेकलेली मी, हे सारे मला त्या दिवशी ग्रीक गावातल्या कुठल्याशा ओसरीवर दिसले. तशी ती ओसरीही आम्हा सोलापूरकरांना परकी वाटू नये अशीच आहे. फिलिप्पैमधली मंडळी सुरू झाली ती लुदिया नावाच्या बाईपासून, आणि तिचा धंदा जांभळे कापड विकण्याचा होता. स्वतः पौल तंबू करणारा, हाताने काम करून पोट भरणारा. कापडवालीच्या घरात सुरू झालेल्या मंडळीला एका कारागिराने कैदेतून पाठवलेले पत्र, असे म्हटले की ते मला आमच्या सोलापूरच्याच साखर पेठेतून आल्यासारखे वाटू लागते.

तरीही अक्कांचे कोडे सुटले नव्हते, म्हणून शेवटी एका रविवारी उपासनेनंतर मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसून सोलापूरजवळच्या कुंभारीला गेले. विडी कामगारांचे ते दहा हजार घरांचे घरकुल. एकासारखे एक घर, एकासारखी एक गल्ली. अक्कांच्या दारावर पांढऱ्या ऑईलपेंटने क्रूस काढलेला आहे. तो भक्तीने काढला असेल असे समजून मी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या की, सुरुवातीला त्यांचा नातू तीनदा दुसऱ्याच्याच घरात शिरला होता, म्हणून खुणेला काढला. आत शिरल्याबरोबर तंबाखूचा वास आला. अक्का आता विड्या वळत नाहीत, पण सून वळते. तिच्या मांडीवर सूप होते, सुपात भिजवून मऊ केलेली, पत्र्याच्या मापाने कापलेली पाने आणि एका बाजूला तंबाखूचा ढीग. पान उचलायचे, चिमूटभर तंबाखू पसरायचा, बोटांनी वळायचे, तोंड दुमडायचे, दोऱ्याचा वेढा, की पुढचे पान. तिच्या "बसा बाई" आणि "पाणी घ्या" यांच्यामध्ये चार विड्या वळून झाल्या. तिची नजर माझ्याकडे होती, हाताकडे नव्हती.

मी अक्कांना विचारले. त्यांना ती संध्याकाळ आठवतच नव्हती. मी काय म्हणाले आणि त्या काय म्हणाल्या हे मला सांगावे लागले, आणि ते सांगताना माझे मलाच इतके क्षुल्लक वाटले की मी मध्येच थांबले. अक्का हसल्या. "खरंच पाठ नाहीत की," त्या म्हणाल्या. "मला वाचता कुठं येतंय? सुपावर बसून म्हणून म्हणून जी आली तेवढीच येतात. आम्ही आठ-दहा बायका बसायचो. एकीनं उचलायचं, बाकीच्यांनी मागनं म्हणायचं. हळू गाणं घेतलं की हात हळू होतंय. मग हजार कोण भरणार? म्हातारी होती एक, ती ओरडायची, रडकं गाणं काढू नका गं, संध्याकाळी ब्रँचला काय देणार?" ब्रँच म्हणजे वळलेल्या विड्या जमा करण्याचे कारखान्याचे ठिकाण, आणि मजुरी हजार विड्यांमागे ठरते. हजार भरायच्या तर गाण्याला ठेका हवा, आणि ठेका असलेली गाणी ती आनंदाची. एवढेच.

मी काहीतरी मोठे उत्तर न्यायला आले होते. थोडी निराशच झाले, हे कबूल करते. मग माझ्या तोंडून आपसूक निघून गेले, "आणि रडू आलं तर?" मुलगा गेला त्या दिवसांबद्दल मी विचारते आहे, हे त्यांना कळले. सुनेचा हात क्षणभर थांबला. अक्कांनी स्वतःची बोटे माझ्यापुढे धरली. अंगठा आणि तर्जनी यांच्या पेरांवर अजून तपकिरी डाग आहे, तो आता जन्मात जायचा नाही. "डोळं पुसायचं कशानं?" त्या म्हणाल्या. "हाताला तंबाखू असतीया. डोळ्याला लागली की आग आग होतंय. मग काय, गाणं म्हणायचं. पाणी आपलं आपण वाळतंय." सून पुन्हा वळू लागली. बाहेर कोणाच्या तरी घरी तेलुगूत भांडण चालले होते, आणि मी समोर आलेला चहा थंड होईपर्यंत त्यांच्या बोटांकडे पाहत बसले.

परतताना मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. दळणाच्या लयीत बसावी म्हणून ओवीला तिचा घाट आला, हे मी नववीच्या वर्गात किती वेळा सांगितले आहे. मराठी मंडळीला अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवर गायला ज्यांनी शिकवले त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव पहिले येते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी १९१९ मध्ये गेला, आणि त्यानंतर शंभर वर्षांनीही ज्यांना अक्षर ओळखता येत नाही अशा बायका त्यांची पदे कोणाची आहेत हे माहीत नसताना म्हणत असतात. विलायती चालीवरचे गाणे पुस्तकाशिवाय उभे राहत नाही. आमची आजीसुद्धा तशी गाणी नुसती ओठ हलवून म्हणे. ओवी मात्र हाताला लागते आणि हातात राहते. अक्कांनी आनंदाची गाणी निवडली नव्हती, हातांनी ती निवडली होती, आणि हातात जे साठले होते तेच त्या दादाच्या घरी घेऊन आल्या होत्या. ज्या घरात माग थांबला होता, तिथे दुसऱ्या एका कामाचा ठेका आला होता. मी मात्र त्याला सांत्वनाचा एक बेताल प्रयत्न समजले होते.

मुलीकडे पुण्याला जाते तेव्हा दौंड ओलांडल्यावर केडगाव येते. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत, पण मी खिडकीकडे सरकून बसते. पंडिता रमाबाईंनी तिथे मूळ भाषा शिकून अखंड बायबल मराठीत आणायचा ध्यास घेतला, आणि त्यासाठी छपाईचे खिळे जुळवण्याचे कामही त्यांच्या मुक्तिसदन आश्रमातल्या बायका-मुलींनी शिकून घेतले. त्यांतल्या कित्येक दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. मधल्या त्या आठ-नऊ महिन्यांत भाषांतराचे काम पुरे होत होते. त्या महिन्यांबद्दल पूर्वी मला केवळ हळहळ वाटे. आता केडगावची पाटी मागे जाताना मला शिशाच्या खिळ्यांनी काळी झालेली बोटे दिसतात आणि त्या हातांनीही डोळे पुसता येत नसतील असे वाटते.

आमच्या घराण्यात ख्रिस्ती श्रद्धा आली तीही दुष्काळातूनच. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात आईबापांवाचून उरलेली पोर. मिशनच्या आश्रमात तिला पहिल्यांदा दोन वेळ खायला मिळाले. "भाकरीसाठी बाटले" हे वाक्य मी शाळेत असताना पाठीमागे ऐकले आहे आणि त्या वयात त्याची फार लाज वाटली आहे. आम्ही काही तत्त्वज्ञान पटून आलो नव्हतो, वाद जिंकून किंवा हरून आलो नव्हतो. भूक लागली होती आणि कोणीतरी भाकर दिली. पुढे लाज कमी होत गेली, कारण जी प्रार्थना येशूने स्वतः शिकवली तिच्यात आम्ही रोज काय मागतो? "आमची रोजची भाकर आज आम्हास दे." मराठीत हे म्हणताना समोर ज्वारीची गोल भाकरीच येते, दुसरे काही येत नाही. पणजी म्हणे की आश्रमातल्या पहिल्या भाकरीनंतर ती इतकी हसली की बाकीच्या मुली घाबरल्या. तिचे हे हसणे घरात पिढ्यान्‌पिढ्या गंमत म्हणून सांगितले जाते. तिच्यामागे काय गेले होते ते मात्र कोणीच सांगत नाही, कारण तिने ते कधी सांगितलेच नाही.

दादाची शेड मालकाने दुसऱ्याला दिली. दादा आता एका कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी आहे. पगार थोडा आहे आणि गुडघे दुखतात. हे सगळे ठीक झाले असे मी म्हणणार नाही, आणि तोही म्हणत नाही. मधल्या वर्षी नाताळला घरात नवे कपडे आले नाहीत. करंज्या झाल्या, पण मोजून. कर्ज अजून आहे. वहिनीने कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, आधी मंडळीतल्या घरांतून, मग पुण्या-मुंबईला जाणाऱ्या लोकांकडून. दर महिन्याला तिच्याकडून माझ्यासाठी भाकरीचा पुडा येतो, आणि चटणीच्या पिशवीखाली पाचशेच्या दोन-तीन नोटा घडी करून ठेवलेल्या असतात. पहिल्यांदा मी त्या परत पाठवल्या. पुढच्या पुड्यात त्या पुन्हा आल्या, दुप्पट होऊन. तेव्हापासून मी मुकाट्याने घेते आणि वहीत लिहून ठेवते. घेताना दर वेळी थोडा अपमान वाटतो, कोणाचा ते नीट सांगता येत नाही.

यंदा जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, मी वहिनीकडे गेले. यात्रेमुळे ऑर्डर वाढली होती. स्वयंपाकघरात धग होती, मालदांडी ज्वारीच्या पिठाचा गोडसर वास होता, आणि भिंतीशी वाळत ठेवलेल्या भाकरींची चळत वहिनीच्या कमरेपर्यंत आली होती. परातीत तिचे तळहात थप थप थप पडत होते, भाकरी स्वतःभोवती फिरत मोठी होत होती, आणि ती गात होती. तेच गाणे. अक्कांच्याच चालीत, अक्कांच्याच वेगाने, त्यांचा एक तेलुगू धाटणीचा चुकीचा उच्चारसुद्धा तसाच ठेवून. कपाळावरचा घाम तिने कोपराने पुसला, कारण हात पिठाचे होते. खिडकीत मसाल्यांच्या डब्यांशेजारी मागाचा एक धोटा ठेवला होता. दोन्ही टोके घासून लख्ख केलेली. तो तिने केव्हा उचलून ठेवला होता कोण जाणे.

मी हात धुतले, पदर खोचला आणि तिच्यासमोर बसून एक गोळा घेतला. तिने पाहिले, पण गाणे थांबवले नाही. मी दुसऱ्या ओळीला तिच्याबरोबर झाले. माझी भाकरी अर्ध्यावरच चिरली.

"वन्सं, तुमचा हात जड पडतोय," ती म्हणाली.

"सवय मोडली," मी म्हणाले. "तू दुसरं गाणं घे एखादं. हे फार पळतंय."

"दुसरं कुठलं येतंय मला?" तिने माझ्या हातातली चिरलेली भाकरी घेतली, मोडून पुन्हा गोळा केला, पाण्याचा हात लावला आणि तो माझ्यापुढे ठेवला. "घ्या, थापा. अजून चाळीस व्हायच्यात."